ठोकळा धरणारा

“दाब. अजून दाब. आणि हलू नकोस.”

दादाचा आवाज पत्र्याच्या पलीकडून आला. मी घोडीवर उभ्या केलेल्या पंखाशेजारी उकिडवा बसलो होतो, खांद्यापर्यंतचा हात पंखाच्या पोटात होता, आणि साबणाच्या वडीएवढा एक धातूचा ठोकळा अंदाजानेच रिव्हेटच्या शेपटीवर टेकवून धरला होता. ठोकळा टंगस्टनचा. आकार साबणाचा, वजन वरवंट्याचं. पलीकडे रिव्हेट गन दोन सेकंद तडतडली, ठोकळ्याला मुंग्या आल्या, त्या माझ्या कोपरापर्यंत चढल्या आणि एकदम सगळं शांत झालं. दादा अलीकडे आला, टॉर्च आत घातला, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसल्या छोट्या आरशात बघितलं आणि म्हणाला, “वाकडा बसला. काढावा लागेल.”

विमानाचा मी बिघडवलेला तो पहिला रिव्हेट. संध्याकाळपर्यंत आम्ही बेचाळीस बसवले आणि पाच काढले. पाचही माझ्या खात्यावर.

दादा माझा मावसभाऊ. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात उमेदवारी, मग पुण्यात नोकरी, आणि गेली पंचवीसेक वर्षं अमेरिकेत, ओहायो राज्यात. राइट बंधूंचं डेटन गाव त्याच्या घरापासून मोटारीने तासाभरावर. घराच्या गॅरेजात दोन मोटारी मावतात. पण आत विमान असल्यामुळे त्या दोन्ही आठ वर्षं बाहेर, बर्फात. मला झोपायला दिलेल्या खोलीत भिंतीला टेकून रडर, म्हणजे शेपटीचं उभं सुकाणू, ठेवलेलं होतं. त्यावर वहिनींनी जुनी नऊवारी पांघरली होती. “धूळ बसू नये म्हणून,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “आणि दिसू नये म्हणूनही.”

विमान आरव्ही-७ जातीचं. शेजारी शेजारी दोन आसनं, पुढे पंखा, १८० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन. ओरेगनमधल्या ऑरोरा गावची व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी त्याचे भाग खोक्यांतून घरी पाठवते. कंपनीचे संस्थापक रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका आसनाचं आरव्ही-३ काढलं. आज त्यांच्या रचनांची ११,००० हून अधिक विमानं लोकांनी घरी बांधून उडवलेली आहेत. आकडा ऐकून मी चाट पडलो. घरी विमान बांधणं म्हणजे लाखात एखाद्या वेड्याचं काम, ही माझी समजूत. तिकडे ते बागकाम किंवा जुन्या मोटारी दुरुस्त करण्याइतकं साधं नसलं, तरी गल्लीत एखादा तसा निघाला तर कोणी दचकत नाही. एका अर्थी विमानाचा मूळ प्रकारच घरगुती. राइट बंधू सायकलवाले. त्यांचं इंजिन त्यांच्याच दुकानातल्या चार्ली टेलरने सहा आठवड्यांत उभं केलं, आणि पंखांचं मलमल विल्बरने शिवणयंत्रावर शिवलं. कारखाने मागाहून आले.

खोकं उघडल्यावर मात्र विमानाचं काहीच दिसत नाही. तपकिरी कागदात गुंडाळलेले पत्रे, पट्ट्या, कोन, आणि डाळी-तांदळासारख्या वजनावर भरलेल्या रिव्हेटच्या पिशव्या. सुरुवात शेपटीपासून करायची असा रिवाज आहे. शेपटीचा भाग लहान, त्यामुळे चुकला तर नुकसान लहान. आणि माणूस कंटाळून सोडणार असेल तर तेवढ्यावरच सोडतो. पंखांचं आणि धडाचं खोकं नंतर मागवायचं.

मग भोकं. प्रत्येक भोकाच्या दोन्ही कडांची बर काढायची, कारण पत्र्याची चीर अशाच एखाद्या खरखरीत कडेपासून सुरू होते. पत्रे एकमेकांवर लावून क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या खिळ्यांनी तात्पुरते टाचायचे; शिंपी कापड टाचतो तसंच. पुन्हा सोडायचे, साफ करायचे, पुन्हा टाचायचे. जिथे रिव्हेटचं डोकं पत्र्याशी सपाट बसायला हवं तिथे भोकाभोवती खळी पाडायची. हे सगळं झाल्यावर रिव्हेट. आपल्याकडे वर्कशॉपात ज्याला ‘रिपीट मारणं’ म्हणतात, त्यातला पॉप रिव्हेट एकटा माणूस बाहेरून मारू शकतो. आरव्ही-७ चे बहुतेक रिव्हेट भरीव असतात. गन डोक्यावर आपटते आणि पलीकडे ठोकळ्यावर दबून रिव्हेटची शेपटी पसरते. पसरलेलं बोंड दांड्याच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. कमी पसरलं तर सैल, जास्त पसरलं तर ठिसूळ. असे दहा हजारांवर रिव्हेट.

लहान भागांवर एकच माणूस एका हातात गन आणि दुसऱ्या हातात ठोकळा धरू शकतो. पंखाच्या मोठ्या पत्र्यांना माणसाचे हात पुरत नाहीत. तिथे पलीकडे दुसरं कोणीतरी लागतंच. दादासाठी आठ वर्षांत हा ठोकळा कोणी कोणी धरला ते त्याने एका वहीत लिहून ठेवलंय. वहिनी, मुलगी, शेजारचा निवृत्त पोस्टमन, महाराष्ट्र मंडळातले तिघे (त्यातला एक गणपतीची आरास करायला आला होता आणि अडकला), आणि आता मी. वही सरकारी तपासणीतही उपयोगाची असते. त्याचं कारण असं.

अमेरिकेत अशा विमानाला परवाना मिळतो तो ‘एक्सपेरिमेंटल’, म्हणजे प्रायोगिक या सदराखाली, आणि अट अशी की विमानाचा निम्म्याहून मोठा भाग हौशी माणसांनी शिक्षण किंवा करमणुकीसाठी स्वतः बनवलेला असावा. लोक याला एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात. पैसे देऊन दुसऱ्याकडून बांधून घेतलं तर तो धंदा, आणि धंद्याचे कायदे वेगळे. म्हणून फोटो, तारखा, वह्या ठेवायच्या. त्या बदल्यात सरकार एक मोठी गोष्ट सोडून देतं. कारखान्यातल्या विमानाचा प्रत्येक स्क्रू प्रमाणित असावा लागतो. इथे इंजिन कुठलं, काटे कुठले, तारा कशा, हे ठरवायचा हक्क बांधणाऱ्याचा. फक्त आत शिरताना दिसेल अशा जागी EXPERIMENTAL हा शब्द मोठ्या अक्षरांत आणि बसणाऱ्यासाठी एक पाटी लावायची, की हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-नियम पाळत नाही. दादाने पाटी आधीच करून आणली आहे. वहिनींनी ती चुलीजवळच्या, आपलं, गॅसजवळच्या कपाटावर चुंबकाने लावून ठेवली आहे. येणारा प्रत्येक पाहुणा पोहे खाताना ती वाचतो.

अशा बांधणाऱ्यांची एक संघटना आहे. १९५३ च्या जानेवारीत विस्कॉन्सिन राज्यात पॉल पोबेरेझ्नी या वैमानिकाने ती काढली. एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, बोलताना ईएए. दरवर्षी जुलैच्या सुमारास ऑशकॉश गावी तिची जत्रा भरते. पण मला जत्रेपेक्षा एक बारकी गोष्ट महत्त्वाची वाटली. संघटनेचे ‘टेक्निकल कौन्सिलर’ असतात. अनुभवी माणसं, तुम्ही बोलावलं की घरी येतात, काम बघतात, चुका दाखवतात, आणि पैसे घेत नाहीत.

दादाकडे असा एक म्हातारा येतो. विमान दुरुस्तीत जन्म घालवलेला. मी होतो तेव्हा त्याची फेरी होती. चहा नको म्हणाला, थेट गॅरेजात गेला. विमानातला नट ठरावीक जोराने आवळला की त्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत नारिंगी लेपाची एक रेघ ओढतात. उद्या नट फिरला तर रेघ तुटते आणि दुरूनही कळतं. म्हाताऱ्याने काही मोजलं नाही, नकाशा बघितला नाही. टॉर्चच्या उजेडात तो फक्त रेघा वाचत गेला, आपण देवळात ओवी वाचतो तितक्या संथपणे. अर्ध्या तासाने थांबला आणि बोट ठेवलं. एलिव्हेटरच्या, म्हणजे शेपटीच्या आडव्या सुकाणूच्या, दांड्याच्या सांध्यावरच्या एका नटावर रेघ नव्हती. दादा म्हणाला, आवळलाय, रेघ ओढायची राहिली असेल. म्हातारा काही बोलला नाही, पाना मागितला. नट हाताच्या बोटांनी फिरला.

त्या रात्री दादा जेवला नाही. “मी त्या जागेकडे शंभरदा बघितलं असेल रे,” एवढंच म्हणाला.

त्याच्यात हलगर्जीपणाचा लवलेश नाही. हा माणूस भाजी चिरतानाही फूटपट्टी घेईल. पण आपलं काम आपल्याला दिसत नाही. काय दिसायला हवं ते आधीच ठाऊक असतं, त्यामुळे डोळे तेच बघतात. लेखकाला हे प्रुफं वाचताना कळतं. आमच्याकडे चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ राहतो, तिकडे सुकाणूचा दांडा सुटतो.

टाक्यांची गोष्ट त्याहून मजेची. आरव्ही-७ च्या दोन्ही पंखांच्या पुढच्या भागात मिळून सुमारे १५९ लिटर पेट्रोल मावतं, आणि टाकी म्हणजे वेगळं भांडं नव्हे. पंखाचा पत्राच टाकी. सांध्यांत काळपट लांबी भरायची असते. तिला कुजक्या अंड्यांचा वास येतो आणि ती लांबीच्या जागेव्यतिरिक्त सगळ्या जगाला चिकटते: केस, चष्मा, दाराची मूठ, मांजर. वहिनींनी त्या काळात दादाचे कपडे वॉशिंग मशिनमध्ये टाकू दिले नाहीत. सगळं वाळल्यावर गळती तपासायची कशी? टाकीची तोंडं बंद करायची, एका नळीला साधा वाढदिवसाचा फुगा बांधायचा, आत थोडीशी हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं. फुगा असतो म्हणून दाब जास्त होऊन टाकी फाटत नाही, आणि हवा टिकली की नाही तेही कळतं. दादाने लाल फुगा लावला आणि झोपला. पहाटे बघतो तर फुगा मलूल. सकाळभर त्याने सांधे शोधले, एक बुडबुडा दिसला नाही. दुपारी ऊन चढलं आणि फुगा पुन्हा टम्म झाला. थंडीने आतली हवा आकसली होती, बस.

सांगाडा उभा राहिला की लोकांना वाटतं विमान झालं. खरं तर त्यानंतरचं काम जास्त फसवं. आरव्हीवाले म्हणतात, नव्वद टक्के झालं, आता नव्वद टक्के उरलं. तारा, नळ्या, काटे, पडदे. घरातली पीव्हीसीची तार विमानात चालत नाही, जळली तर विषारी धूर कोंडतो. तारांचे जोड डाख देऊन करण्यापेक्षा दाबून करतात, कारण डाख तारेत मुरतो तिथे ती कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. दादाने समोर दोन पडदे बसवलेत. क्षितिज, उंची, वेग, नकाशा, इंजिनाचं तापमान, सगळं त्यावर. कारखान्यातल्या विमानाला हीच सोय हवी तर प्रमाणपत्राचा खर्च चढतो. घरगुती विमानांनी ती बऱ्याच आधी आणि बऱ्याच स्वस्तात मिळवली. आतला संवेदक आपल्या मोबाईलमधल्या चिपचा थोरला भाऊ.

पण या चकचकीत पडद्याला वेग कोण सांगतं? पंखाखालची एक नळी, जिच्यात समोरची हवा शिरते, आणि धडाच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक भोकं, ज्यांतून स्थिर हवेचा दाब कळतो. आरव्हीत ही भोकं म्हणजे चक्क पॉप रिव्हेट, मधली काडी काढून टाकलेले. डोकं घुमटासारखं, पत्र्यावर तांदळाच्या दाण्याइतकंही वर येत नाही. काही टापटीप लोकांना ते खटकलं. हजारो रिव्हेट सपाट, आणि हे दोनच वर आलेले! त्यांनी तिथे सपाट भोकं बसवली. विमान उडालं आणि वेगमापक काही नॉट चुकीचा दाखवू लागला. त्या घुमटामुळे भोकाजवळची हवा हवी तशी वळत होती; रचनाकाराने ते धरूनच जागा ठरवली होती. मला हा किस्सा फार आवडतो. टापटिपीचा रोग असलेल्या माझ्या दोन मित्रांना मी तो मुद्दाम सांगितला आहे.

पेट्रोलच्या टाकीत हवा जायला एक उघडी नळी असते. तिच्यात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. मग हवा जात नाही आणि पेट्रोल येत नाही. उपाय म्हणजे बारीक जाळी. लोणच्याच्या बरणीला फडकं बांधतात तसं, असं वहिनींचं म्हणणं, आणि जाळी त्यांनीच कापून दिली.

हे सगळं हसण्यावारी नेता येईल, पण एक प्रकरण हसण्यावारी नेता येत नाही. १२ ऑक्टोबर १९९७. कॅलिफोर्नियात मोंटेरेच्या किनाऱ्याजवळ लाँग-ईझेड जातीचं एक छोटं विमान समुद्रात कोसळलं. आत एकटेच होते गायक जॉन डेन्व्हर. अडीच हजारांहून अधिक तास उडवण्याचा अनुभव; पण हे विमान नवं. म्हणजे त्यांना नवं. त्यांनी ते नुकतंच विकत घेतलं होतं, बांधलं होतं दुसऱ्या एका हौशी माणसाने.

लाँग-ईझेडची रचना बर्ट रुटान यांची. ज्यांच्या व्हॉयेजर विमानाने १९८६ मध्ये कुठेही न उतरता, पेट्रोल न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली तेच. लाँग-ईझेडचे ते सुटे भाग विकत नसत, नकाशे विकत. त्यांच्या नकाशात डाव्या-उजव्या टाकीचा कॉक पायलटच्या समोर, पायांच्या मध्ये होता. या विमानाच्या बांधकऱ्याला पेट्रोलच्या नळ्या माणसाजवळून न्यायच्या नव्हत्या. हेतू सुरक्षेचाच. म्हणून त्याने कॉक पाठीमागच्या पडदीवर, पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला. कुठल्या बाजूला फिरवलं की कुठली टाकी, याची खूण केली नाही. पेट्रोल किती उरलं हे दाखवणाऱ्या काचनळ्याही मागेच.

ज्याने बजाज चेतक चालवली आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. भर रस्त्यात स्कूटर गुडगुडली की एक हात सीटखाली घालायचा, चाचपडत कॉक रिझर्व्हवर न्यायचा आणि तोवर दुसऱ्या हाताने हँडल सांभाळायचं. हँडल जरासं हलायचंच. आमच्या पिढीतल्या निम्म्या पुण्याने कर्वे रोडवर ही कसरत केली आहे. डेन्व्हर यांना कॉक फिरवायला मान आणि धड मागे वळवावं लागे, उजवा हात डाव्या खांद्यावरून न्यावा लागे. कॉक जड होता. आदल्या दिवसांत एका मेकॅनिकशी त्यावर बोलणं झालं होतं, मागच्या काचनळ्या दिसाव्यात म्हणून आरसाही दिला गेला. पेट्रोल भरू का, या प्रश्नाला त्यांनी नको म्हटलं. तासाभराचंच उडायचं होतं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, निष्कर्ष काढला तो असा: कॉकशी झटताना लक्ष विचलित झालं, नकळत उजवं पेडल दाबलं गेलं, विमान हातातून सुटलं. पेट्रोल न भरणं, अपुरं प्रशिक्षण, आणि बिनखुणेचा, हात न पोहोचणाऱ्या जागी बसवलेला कॉक, हे सगळं अहवालात आहे.

बांधणाऱ्याला तो कॉक कधीच अवघड वाटला नसेल. त्याचा हात त्याच्या कॉकला सरावलेला. एनटीएसबीने २०१२ मध्ये घरगुती विमानांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला त्यात हाच धागा पुन्हा दिसतो. खासगी विमानांत घरगुती विमानं साधारण १० टक्के, पण २०११ सालच्या अपघातांत १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के. कारणांत वरची दोन: इंजिन बंद पडणं आणि हवेत ताबा सुटणं. आणि मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट, त्या वर्षी अपघात झालेल्या घरगुती विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमानं मालकाने बांधलेली नव्हती, दुसऱ्याकडून विकत घेतलेली होती. दादाला मी हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, “म्हणून तर माझ्या प्रत्येक बटणाखाली नाव लिहिलंय. मी विसरेन म्हणून नाही.”

एकेकट्याने बांधण्याचा आणखी एक धोका १९३० च्या दशकात युरोपने बघितला. आंरी मिन्ये या फ्रेंच हौशी माणसाने इवलंसं विमान काढलं, १९३४ मध्ये पुस्तक लिहून ते कसं बांधायचं हे सांगितलं, आणि फ्रान्स-इंग्लंडात लोकांनी कोठारांत, परसांत ते ठोकायला घेतलं. इंग्रजांनी नाव ठेवलं उडती पिसू. मग माणसं मरू लागली. वाऱ्याच्या बोगद्यात तपासल्यावर दिसलं की पुढचा आणि मागचा पंख इतके जवळ आहेत की नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेलं की काठी कितीही ओढा, ते वर येत नाही. बांधणाऱ्यांच्या सुतारकामात खोट नव्हती. नकाशातली एक चूक प्रत्येकाने आपापल्या कोठारात इमानदारीने उतरवली होती, आणि एकमेकांशी बोलायला जागा नव्हती. याउलट अलीकडचं बघा. व्हॅन्सच्या काही भागांत लेझरने पाडलेल्या भोकांना खळी पाडताना बारीक चिरा पडू लागल्या. त्या बघितल्या, एकमेकांना दाखवल्या, त्या गिऱ्हाइकांनी. कंपनीला ते इतकं महागात पडलं की २०२३ च्या डिसेंबरात दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. पण चिरा गॅरेजात सापडल्या, आकाशात नव्हे.

आता आपल्याकडे. घरगुती विमान म्हटलं की मराठी माणूस चटकन १८९५, चौपाटी आणि शिवकर बापूजी तळपदे म्हणतो. तिथे तळपद्यांनी विमान उडवलं म्हणतात, पण त्या उड्डाणाचा त्या काळचा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. आणि ‘वैमानिकशास्त्र’ नावाच्या ज्या ग्रंथाशी ते जोडलं जातं त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं. या गोष्टीत सगळं काही आहे, फक्त रिव्हेट नाही. अभिमानच बाळगायचा तर कांदिवलीला जावं.

चारकोपमधली पाच मजली इमारत, लिफ्ट नाही. जेट एअरवेजमध्ये वैमानिक असलेले कॅप्टन अमोल यादव यांनी तिच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. लेथ, काँप्रेसर, वेल्डिंगचं सामान, १८० किलोचं परदेशी इंजिन, सगळं अरुंद जिन्याने वर. आधीचे दोन प्रयत्न जमले नव्हते, म्हणून याचं नाव टीएसी-००३. मुंबईचा पाऊस डोक्यावर घेऊन वर्षानुवर्षं काम, सोबत एकत्र कुटुंब. ठोकळा धरणाऱ्यांची वाण नव्हती. २०१६ च्या फेब्रुवारीत विमानाचे भाग क्रेनने खाली उतरवले आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी बघितलं. नोंदणीसाठी खटपट २०११ पासून. नोंदणी झाली २०१७ च्या नोव्हेंबरात, व्हीटी-एनएमडी. उड्डाणाची परवानगी २०१९ च्या ऑक्टोबरात. आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत गेलं.

मधल्या काळात, २०१८ मध्ये, पालघरला विमानांचा कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारशी ३५,००० कोटींचा सामंजस्य करार झाल्याच्या बातम्या आल्या. मला त्या बातम्यांनी आनंदापेक्षा वैतागच दिला. गच्चीवरच्या माणसाला आपण आधी वर्षानुवर्षं फायलींत अडकवतो आणि मग एकदम हजारो कोटींच्या पाटावर बसवतो. मधलं काही सुचतच नाही. मधलं म्हणजे काय? बांधकाम चालू असताना पत्रा झाकला जाण्याआधी येऊन बघणारा तपासनीस. धुळे, कराड, बारामती यांसारख्या छोट्या धावपट्टीच्या कडेला भाड्याने मिळणारी एक शेड. एका पानात वाचून कळेल असा नियम, की बांधणारा स्वतःच्या जिवावर, एकट्याने, लोकवस्तीपासून दूर, ठरलेले तास उडवेल. आणि नारिंगी रेघा वाचणारा एखादा निवृत्त म्हातारा. एचएएलच्या ओझरमध्ये, हवाई दलात, विमान कंपन्यांच्या हँगरांत जन्म काढलेली अशी माणसं नाशिक-पुण्यात आजही सकाळी बागेत फिरताना भेटतात. त्यांना कोणी बोलावत नाही, कारण बोलावण्यासारखं काम कोणी करू शकत नाही. यादवांच्या चिकाटीचं कौतुक सगळ्यांनी केलं. ती चिकाटी लागावीच का, हे कमी लोकांनी विचारलं.

दादाचं विमान या वसंतात गॅरेजातून निघालं. पंख वेगळे, धड वेगळं, दोन फेऱ्या, भाड्याच्या ट्रेलरवर. विमानतळावरच्या शेडमध्ये जोडणी झाली, तीन चाकांखाली तीन काटे ठेवून वजन झालं, गुरुत्वमध्य कुठे पडतो त्याचं गणित झालं. तपासनीस आला, वह्या चाळल्या, चार प्रश्न विचारले, सही केली. म्हातारा आदल्या दिवशीच येऊन गेला होता. या वेळी त्याला काही सापडलं नाही. तरी त्याने दोनदा बघितलं.

पहिल्या उड्डाणाचा व्हिडिओ वहिनींनी पाठवला. नवं लायकमिंग इंजिन जमिनीवर रेंगाळू द्यायचं नसतं, त्याच्या रिंगा बसायला जोर लागतो. म्हणून दादा सुटला तो थेट विमानतळाच्या डोक्यावर गेला आणि तिथेच घिरट्या घालत राहिला, काही बिनसलं तर खाली धावपट्टी असावी म्हणून. व्हिडिओत विमान जमिनीवरून उचललेलं दिसतं, मग आकाश, मग बराच वेळ नुसतं गवत आणि वहिनींच्या चपला. मागून शेजारच्या पोस्टमनचा आवाज येतो, तो इंग्रजीत आकडे मोजतोय. कशाचे, ते कळत नाही.

प्रमाणित इंजिन आणि पंखा असल्यामुळे दादाला चाचणीचे पंचवीस तास पूर्ण करायचे आहेत. त्या काळात शेजारच्या आसनावर प्रवासी बसवता येत नाही. हे लिहीपर्यंत अकरा तास झाले आहेत. वहिनींना अजून चौदा तास थांबायचं आहे, आणि पाटी अजून गॅसजवळच्या कपाटावरच आहे.